नी जड झाली म्हणून स्क्रू बदलू नका: जुन्या टरेट मिलिंगच्या उचलयंत्रणेची दुरुस्ती

भोसरी, शिरोली किंवा अंबडच्या जुन्या शेडमध्ये उभं असलेलं टरेट मिलिंग (वरचं डोकं फिरवता येणारं मिलिंग मशीन), म्हणजे कामगारांच्या भाषेतलं एम१टीआर, बहुधा एकाच तक्रारीने बदनाम झालेलं असतं: नी, म्हणजे कॉलमवर वर-खाली सरकणारा आणि टेबल पेलणारा भाग, वर घेताना दोन हात लागतात. मग कोणीतरी तिला उचलणारा स्क्रू आणि नट बदलायचा सल्ला देतं. खर्च होतो, मशीन आठवडाभर बंद राहतं आणि नी पूर्वीइतकीच जड चालते.

याचं कारण साध्या हिशोबात दिसतं. नी, तिच्यावर पुढे-मागे सरकणारं सॅडल आणि टेबल मिळून ३५० किलो धरा. हँडलच्या एका फेऱ्यात नी २.५ मिमी चढते आणि हँडलची त्रिज्या १५० मिमी आहे. हाताने एका फेऱ्यात सुमारे ९४२ मिमी अंतर कापलं जातं. घर्षण शून्य असतं तर हँडलवर जेमतेम एक किलो जोर पुरला असता. चांगल्या मशीनवरही प्रत्यक्षात चार ते सहा किलो लागतो. म्हणजे तुमच्या जोराचे पाचातले चार भाग वजन उचलण्यात नव्हे, घर्षणात जातात. हे घर्षण स्क्रूच्या आट्यात असतं, कॉलमच्या डोव्हटेलवर (तिरक्या कडांच्या सरकपट्टीवर) असतं, जिबवर (तिथली फट भरणाऱ्या पाचरीवर) असतं, बेव्हल गिअरमध्ये (फिरणं काटकोनात वळवणाऱ्या शंकूच्या आकाराच्या गिअरमध्ये) आणि बेअरिंगमध्ये असतं. त्यातलं नेमकं कुठलं वाढलंय ते आधी मोजायचं आणि मगच पान्हा हातात घ्यायचा.

ही रचना अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी १९३८ मध्ये निघालेल्या मशीनची. पुढे जगभर तिच्या नकला झाल्या. भागांची मापं कारखान्यागणिक बदलतात, तत्त्व तेच राहतं. पुढच्या हँडलचा आडवा शाफ्ट नीच्या पोटात जातो. त्याच्या आतल्या टोकाला लहान बेव्हल पिनियन असतो आणि तो उभ्या स्क्रूच्या डोक्यावरचा बेव्हल गिअर फिरवतो. नट फिरत नाही. तो बेसवर बोल्ट केलेल्या पेडेस्टलमध्ये, म्हणजे नळीसारख्या खांबात, पक्का असतो. स्क्रू त्यात फिरून वर चढतो आणि आपल्या डोक्यावरच्या बेअरिंगवर नीला घेऊन जातो. वजनाचा रस्ता असा: नी, बेअरिंग, स्क्रू, नट, पेडेस्टल, बेस. हा रस्ता डोक्यात पक्का ठेवा, पुढची प्रत्येक तपासणी त्याच्यावरच चालते.

खोलण्याआधीचा एक दिवस

पहिल्या दिवशी एकही बोल्ट सोडायचा नाही. कॉलमच्या बाजूचे नी लॉक पूर्ण सैल करा. लॉकचं हँडल सैल दिसलं तरी आतला पॅड चिकटलेला असू शकतो, म्हणून हँडल दोन्हीकडे हलवून खात्री करा. कॉलमचे वे, म्हणजे नी ज्यांवर सरकते ते पृष्ठभाग, रॉकेलने धुऊन पुसा. वन-शॉट पंपाची (एका ओढीत सगळीकडे तेल पोचवणाऱ्या पंपाची) टाकी ६८ ग्रेडच्या स्लाइडवे ऑइलने भरा. दर अर्ध्या तासाने पंप ओढा आणि नी पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत फिरवा. साधं हायड्रॉलिक तेल वापरू नका. ते उभ्या वेवर टिकत नाही आणि संथ चालीत नी थांबत-थांबत झटके देत चालते.

पंप ओढूनही डोव्हटेलच्या कडेला तेलाची रेघ दिसत नसेल तर लाइन तुंबली आहे. यामागची सर्वांत सामान्य चूक म्हणजे कोणीतरी तेलाच्या निपलमध्ये ग्रीस गन लावलेली असते. ग्रीस मीटरिंग युनिटमध्ये (प्रत्येक जागेला ठरावीक तेल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) जाऊन घट्ट बसतं. ती युनिटं ड्रिलने मोकळी करू नका. भोक मोठं झालं की सगळं तेल तिथूनच जातं आणि बाकीच्या जागा कोरड्या पडतात. युनिट बदलायचं, नायलॉनची नळीही बदलायची आणि वेमधल्या तेलाच्या वाटा रॉकेल व मऊ तांब्याच्या तारेने साफ करायच्या. जड नीच्या तक्रारींतल्या पुष्कळशा इथेच संपतात.

आता हँडलला स्प्रिंग बॅलन्स (स्प्रिंगचा वजनकाटा) अडकवा, तो हँडलच्या दांड्याला काटकोनात ओढा आणि दर ५० मिमी उंचीला चढतानाचा आणि उतरतानाचा जोर लिहून ठेवा. हा कागद फेकू नका, शेवटी याच आकड्यांशी तुलना करायची आहे.

हाताला काय सांगतंय

जोर सगळ्या उंचीवर सारखाच जास्त असेल तर जिब आवळलेली, वे कोरडे किंवा स्क्रूच्या डोक्यावरचं बेअरिंग गेलेलं. हँडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा अडकत असेल तर दोष हँडलच्या शाफ्टवर आहे: शाफ्ट वाकलेला, पिनियनचा दात चेपलेला किंवा दातात चिप बसलेली. दोन फेऱ्यांत एकदा अडकत असेल तर मोठा बेव्हल गिअर किंवा स्क्रू तपासा. बऱ्याच मशीनवर हँडलच्या दोन फेऱ्यांना स्क्रूची एक फेरी होते, पण तुमच्या मशीनवर खडूची खूण करून मोजून घ्या. मधे मोकळी आणि वर-खाली घट्ट असेल तर कॉलमचे वे मधे झिजलेत. खाली येताना शेवटचे चार-पाच सेंटिमीटर नी नकार देत असेल तर पेडेस्टलच्या नळीत किंवा बेसच्या खळग्यात चिप्स आणि कूलंटचा गाळ दगडासारखा बसलाय आणि स्क्रूचं टोक त्यावर टेकतंय. तिथे चुंबक लावलेली सळई आणि व्हॅक्यूम पुरतो, खोलायची गरज नाही.

उतरताना हलकी आणि चढताना प्रमाणाबाहेर जड असेल तर जिबकडे बघा. जिब पाचरीसारखी असते आणि तिला जागेवर धरणाऱ्या स्क्रूच्या कॉलरपाशी ती झिजली की ती नीबरोबर न चालता मागे ओढली जाते. जिबचं जाड टोक वर असेल तर चढताना घर्षण तिला खाली ओढतं आणि पाचर आवळत जाते. उलट बसवलेली असेल तर उतरताना आवळते. हा दोष स्क्रूवर ढकलला जातो तेव्हा वाईट वाटतं, कारण इलाज केवळ कॉलरची फट भरण्याचा असतो.

हँडल उलट फिरवल्यावर बराच वेळ काहीच हलत नसेल तर लोक म्हणतात, नट गेला. तसं नसतं. नीचं वजन स्क्रूला नटाच्या एकाच अंगावर दाबून ठेवतं. दिशा बदलली तरी तेच अंग टेकलेलं राहतं. त्यामुळे हँडलवरचा हा रिकामा फिराव बेव्हल गिअर, चावी आणि हँडलच्या दातेरी क्लचमधला असतो. नटाची झीज या पद्धतीने दिसत नाही, आणि म्हणूनच ती धोकादायक आहे. आटे एका अंगाने झिजत-झिजत सुरीसारखे होतात, हँडलवर काही जाणवत नाही आणि एक दिवस आटे कातरून नी खाली बसते.

नटाची झीज मोजण्याची युक्ती

मेन स्विच बंद करा. टेबलावरचा व्हाइस, जॉब, डिव्हायडिंग हेड उतरवा. नीच्या खाली स्क्रूच्या डाव्या आणि उजव्या बाजूला कठीण लाकडाचे चार इंची चौरस ओंडके उभे करा, दोन्ही नेमक्या एका उंचीचे. वर ५ मिमीची पाटी ठेवा. बाटली जॅकच्या भरवशावर नी कधीही सोडू नका. जॅकची सील रात्रीत गळते. जॅक उचलायला वापरा, धरून ठेवायला नव्हे.

आता नी हळूहळू खाली घेत ओंडक्यांवर टेकवा. टेकल्यावर फिरवत राहिलात की एका क्षणी हँडल एकदम हलकं पडतं. तिथे डायल शून्य करा. वजन ओंडक्यांवर आलंय आणि स्क्रू नटात मोकळा आहे. त्याच दिशेने दोन बोटांनी फिरवत राहा. पुन्हा कडक लागलं की थांबा, जोर लावू नका, कारण आता स्क्रू नटाच्या दुसऱ्या अंगाला लागून डोक्यावरच्या रिटेनरला (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या कड्याला) ढकलतोय. डायलवर वाचलेलं अंतर म्हणजे नट, स्क्रू आणि बेअरिंग मिळून असलेली उभी फट. गिअरची फट यात येत नाही, कारण उतरवताना गिअर आधीच त्या बाजूला टेकलेले असतात.

०.१ ते ०.२५ मिमी म्हणजे उत्तम. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत काही करायचं नाही, वर्षातून एकदा मोजत राहायचं. ५ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर ५ मिमी असलेल्या) आट्याची मधली जाडी अडीच मिमी असते, त्यामुळे फट १ मिमीच्या पुढे गेली की नट बदलायचाच. बेअरिंगचा वाटा वेगळा काढायला नीवर मॅग्नेटिक बेस लावून डायल गेजची टीप स्क्रूच्या वरच्या टोकावर ठेवा आणि हीच चाचणी परत करा. गेज हलला तेवढं बेअरिंगचं.

खोलणं

नी ओंडक्यांवर आणि हँडल हलक्या पट्ट्यात असतानाच पुढचं काम. नी लॉक आवळा. सॅडल पूर्ण पुढे घ्या, मागचं पत्र्याचं किंवा रबरी आवरण काढा आणि टॉर्चने नीच्या पोटात बघा. बेव्हल गिअरचा नट पान्ह्याला पुरेसा मोकळा दिसत नसेल तर टेबल आणि सॅडल उतरवावं लागेल. टेबलाचं वजन शंभर किलोच्या पुढे जातं, म्हणून चेन ब्लॉक आणि कापडी पट्टा लागेल. हाताने ओढून काढण्याचा मोह टाळा. टेबल डोव्हटेलच्या टोकाशी आलं की झुकतं आणि जिबचं पातळ टोक तुटतं.

आधी हँडल, मग डायलचा नट, डायल, आणि मागच्या बेअरिंग कॅपचे स्क्रू. कॅपखाली पातळ शिम (अंतर जुळवायच्या पत्र्याच्या चकत्या) असतात. त्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजून लिहा आणि तारेत ओवून ठेवा. बेव्हलची पकड याच शिमवर ठरते. पिनियन बोअरमधून निघण्याइतका लहान असेल तर शाफ्ट सगळ्यासकट पुढे ओढून येतो. मोठा असेल तर आतून त्याचा नट आधी सोडावा लागतो. चावी हरवू नका. ती सैल असेल तर जुनी परत घालू नका, ईएन-८ पोलादाची नवी बसवा आणि ती खाचेत हलक्या हातोडीने जावी इतपत घट्ट ठेवा.

मग उभ्या स्क्रूवरचा लॉकनट, वॉशर आणि बेव्हल गिअर. गिअर चिकटला असेल तर पुलर लावा, खालून छिन्नी घालून उचकटू नका. कास्टिंगची कड तुटते. बेअरिंगचा रिटेनर काही मशीनवर वरून तर काहींवर खालून असतो, म्हणून काढण्याआधी फोटो घ्या. शेवटी पेडेस्टलचे बेसमधले बोल्ट सोडा. जागेची खूण छिन्नीने आधीच करून ठेवा. पिनांनी बसवलेलं असेल तर पिना आधी काढा. पेडेस्टल मोकळं झालं की स्क्रू त्यात खाली फिरवून दोन्ही एकत्र बाजूला काढता येतात. जागा पुरत नसेल तर नी चेन ब्लॉकने थोडी वर घ्यावी लागते. त्यासाठी नी लॉक आणि जिब सैल करायचे आणि ओंडक्यांची उंची प्रत्येक टप्प्याला वाढवत जायचं. साखळीवर लटकलेल्या नीखाली हात घालायचा नाही.

काही जड आडव्या मिलिंग मशीनवर जागा वाचवायला दोन मजली टेलिस्कोपिक स्क्रू असतो, बाहेरचा स्क्रू आतल्यासाठी नटही असतो. तिथे दोन्ही जोड्यांची झीज वेगळी मोजायची, बाकी क्रम तोच.

स्क्रू राखायचा, नट नवा

स्क्रू व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवा आणि डायल गेजने वाक बघा. ०.१ मिमीपर्यंतचा वाक चालतो, त्यापुढे प्रेसवर सरळ करा. मग आट्याची जाडी तीन ठिकाणी मोजा. मधे, म्हणजे ज्या उंचीवर रोजचं काम चालतं तिथे, झीज जास्त मिळेल. हे महत्त्वाचं आहे, कारण नवा नट झिजलेल्या मधल्या भागाला बेतून कापला तर टोकाकडे तो अडकून बसतो. नट नेहमी न झिजलेल्या टोकाला बेतायचा. मधे थोडी फट राहील, वजनामुळे ती कामात त्रास देत नाही. मधल्या आट्याची पाव जाडीच्या वर झीज असेल तरच स्क्रू नवा करा.

आटा अ‍ॅक्मे आहे की ट्रॅपेझॉइडल, हे गेज लावून बघा. पहिल्याचा कोन २९ अंश, दुसऱ्याचा ३०. एका अंशाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण टूल चुकीचं घासलं तर आटा फक्त कडेवर टेकतो आणि सहा महिन्यांत झिजतो. इंची मशीनवर पाच आटे प्रति इंच, म्हणजे ५.०८ मिमी पिच असेल आणि लेथवर तुम्ही ५ मिमी लावलं, तर ६० मिमी लांब नटात जवळपास १ मिमीचा फरक पडतो आणि स्क्रू निम्म्यावरच जाम होतो. आटे डावे की उजवे हेही बघा. स्क्रू उभा धरल्यावर दिसणारा उतार डावीकडे चढत असेल तर डावे.

नटाला फॉस्फर ब्राँझ घ्या. पितळ नको, ते मऊ पडतं. लांबी स्क्रूच्या व्यासाच्या किमान दीडपट, जागा असेल तर दुप्पट. मेट्रिक ट्रॅपेझॉइडल २८×५ चं उदाहरण घ्या: नटाचं बोअर २३ मिमी, आट्याचा बाहेरचा व्यास २८.५ मिमी. बोरिंग बार शक्य तितका जाड ठेवा. शेवटचे घाव ०.०३ मिमीचे घ्या आणि चकमधून जॉब न काढता खरा स्क्रूच लावून बघा. हाताने फिरावा, पण हलवल्यावर खडखडू नये. तेलाचं भोक आणि त्याला जोडणारी एक उभी खाच आत मारायला विसरू नका. बऱ्याच नकली नटांत ती नसते.

बेअरिंग आणि गिअर

बेअरिंगचा नंबर जुन्या कड्यावरून वाचून तोच आणा. थ्रस्ट बॉल बेअरिंग असेल तर दोन चकत्या सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात. ५११०६ घ्या: ३० मिमी भोकाची चकती शाफ्टला घट्ट बसते आणि तिच्याबरोबर फिरते. दुसरीचं भोक किंचित मोठं असतं, ती घरात बसते आणि शाफ्टला शिवत नाही. उलट बसवली की मोठ्या भोकाची चकती शाफ्टवर घसरत राहते आणि महिनाभरात शाफ्ट कापते. आत एपी-३ ग्रीस एक तृतीयांश जागा भरेल एवढंच. सीलबंद बेअरिंग गरम तेलात बुडवू नका, आतल्या कड्यावर पाइपाचा तुकडा ठेवून दाबा.

बेव्हल बसवताना दोन्ही गिअरच्या दातांची मागची टोकं एका रेषेत आणा आणि फट ०.०८ ते ०.१५ मिमी ठेवा. शिम ०.०५ मिमीच्या टप्प्याने बदला. दातांवर प्रशियन ब्लू (टेकण्याची जागा दाखवणारा निळा रंग) लावून फिरवा. डाग दाताच्या मधोमध किंवा लहान टोकाकडे किंचित झुकलेला हवा. डाग मोठ्या टोकाला गेला तर वजन आल्यावर दाताची कड तुटते.

जोडणी आणि जिब

नट पेडेस्टलमध्ये बसवा, स्क्रू घाला, पण पेडेस्टलचे बेसवरचे बोल्ट फक्त हाताने आवळा. बेव्हल, बेअरिंग, शाफ्ट सगळं जोडून ओंडके काढा आणि नी अगदी तळाशी न्या. तळाशी असताना नट आणि वरचं बेअरिंग एकमेकांच्या सर्वांत जवळ असतात, त्यामुळे दोन्हींचा मध्य चुकला असेल तर तो इथेच अडकतो. हँडल पुढे-मागे फिरवत पेडेस्टलला आपली जागा घेऊ द्या आणि मग बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळा. वर असताना आवळलं तर लांब स्क्रू वाकून चूक लपवतो आणि नी खाली आली की जड होते. आवळल्यावर तळाशी जोर वाढला तर बोल्ट सोडून परत करा. पिनांची भोकं जुळली नाहीत तर नवी मापाची पिन बसवा, जुन्या भोकासाठी पेडेस्टल ओढून धरू नका.

जिब लावताना आधी तिच्या खाचेत कॉलर किती खेळते ते बघा. फट असेल तर पातळ वॉशर घाला किंवा नवा स्क्रू करा. जिब कमी झिजलेल्या उंचीवर, म्हणजे नी सर्वांत घट्ट असते तिथे सेट करायची. मधे सेट केली तर टोकाला नी अडकते. स्क्रू आवळत नी जड लागली की पाव फेरा मागे घ्या आणि दुसऱ्या टोकाचा स्क्रू टेकवून लॉक करा. स्पिंडलवर (कटर फिरवणाऱ्या शाफ्टवर) डायल गेज लावून टीप टेबलावर ठेवा, नी लॉक आवळा आणि सोडा. काटा ०.०३ मिमीच्या आत हलला तर ठीक. जिब शेवटपर्यंत जाऊनही सैल असेल तर तिच्या पाठीला, म्हणजे न घासणाऱ्या बाजूला, योग्य जाडीची ब्राँझची पट्टी चिकटवा. घासणाऱ्या बाजूला काहीही लावलं तर ते स्क्रॅपरने खरवडून बसवावं लागतं.

आता तोच स्प्रिंग बॅलन्स, त्याच उंच्या आणि पहिला कागद. चार ते सहा किलो मिळालं की काम झालं. आठपर्यंत असेल तर दोन-चार दिवस चालवून नव्या नटाला बसू द्या आणि रोज तेल द्या. बारावर असेल तर नटाला दोष देण्याआधी जिब अर्धा फेरा सैल करून परत मोजा.

चालवणाऱ्याला एक सवय लावा: माप घेताना नी नेहमी खालून वर आणून थांबवायची. वरून खाली आणलं की जिबच्या घर्षणाने ती किंचित अडकून राहते आणि कटर लागल्यावर खाली बसते, मग खोली चुकते. थोडी जास्त खाली घ्या, वर आणा, लॉक आवळा. नी आणि कॉलममध्ये एक रबरी पडदा टांगा आणि स्क्रूभोवती गमबुटाच्या रबराचं असलं तरी चालेल असं आवरण बांधा. पेडेस्टलमध्ये चिप्स पडणं थांबलं की नटाचं आयुष्य कित्येक पटींनी वाढतं.